बिल्ल्यावरचा स्तंभ

आजोबांच्या ट्रंकेत पितळेचा एक बिल्ला होता. त्यावर कोरेगावचा स्तंभ. १९४१ साली बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हाच्या भरतीतले ते. पुढे रेजिमेंटच्या बिल्ल्यावरून स्तंभ गेला आणि खंजीर आला.

एका अर्थी ते बरोबरच. १ जानेवारी १८१८च्या लढाईचा तो स्तंभ कंपनी सरकारने उभारलेला. स्वतंत्र देशाच्या जवानाने परक्यांची खूण डोक्यावर का वागवावी? पण त्याच स्तंभावर पडलेल्या २२ महारांची नावं कोरलेली आहेत, 'नाक'ने संपणारी. चोखोबाची समाधी सोडली, तर गावकुसाबाहेरच्या माणसाला तेव्हा दुसरा कुठला दगड मिळाला होता? बाबासाहेब १९२७ साली तिथे गेले, ते काही कंपनीचे आभार मानायला नव्हे. इंग्रजांनीच पुढे 'लढाऊ जाती' ठरवून महारांची भरती बंद केली होती.

त्यामुळे मी बरीच वर्षं आजोबांच्या बाजूने भांडत आलो. पलटणीची परंपरा ज्यांच्या रक्तावर उभी, त्यांची खूण पुसायचा हक्क पलटणीला कुणी दिला?

मग पुतण्याच्या कसम परेडला सागरला गेलो. आजोबांचा बिल्ला त्याला द्यायचा म्हणून खिशात घेतला होता. मैदानावर देशाच्या कुठकुठल्या भागांतली, नाना जातींची पोरं एका आवाजात 'बोलो हिंदुस्तान की जय' म्हणत होती, आणि प्रत्येकाच्या खांद्यावर 'महार' ही अक्षरं. या रेजिमेंटचे परमवीर चक्र विजेते मेजर रामस्वामी परमेश्वरन तमिळ. जनरल सुंदरजी इथलेच. जे नाव ऐकताच माझ्या आजीच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं जाई, ते नाव ही माणसं छाती काढून लावतात. हा विजय की विस्मरण? खूण पुसली म्हणून नाव सगळ्यांचं झालं, की नाव सगळ्यांचं झालं म्हणून आमचं उरलं नाही? मला दोन्ही खरं वाटतं, आणि दोन्हीचा त्रास होतो.

परेड संपल्यावर शेजारी बसलेल्या एका जवानाच्या वडिलांनी मुलाच्या खांद्याकडे बोट दाखवून मला विचारलं, "भाईसाब, ये महार क्या होता है?"

साधा माणूस, साधा प्रश्न. मी म्हणालो, "रेजिमेंट का नाम है."

त्यांनी मान डोलावली. मुलाच्या खांद्यावरची धूळ हाताने झटकली. खिशातला बिल्ला मी मुठीत धरून होतो. पुतण्याला तो त्या दिवशी दिला नाही.