दोन थरांमधला वेळ

पनवेल-उलवे पट्ट्यात टेकडी फोडण्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘पृथ्वीने यापेक्षा खूप मोठं पाहिलंय.’ खरं आहे. आपल्या पायाखालचा काळा कातळ हा त्याचाच पुरावा आहे.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, क्रिटेशस काळ संपत असताना, दख्खनमध्ये जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहत होता. आजही तो कातळ सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. त्याआधी हा प्रदेश ओसाड नव्हता. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा गावाजवळ लांब मानेच्या डायनासोरांची हाडं सापडली आहेत. तिथल्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म अंश मिळाल्याचं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. डायनासोरांच्या काळात गवत होतं, हे तेव्हा पक्कं झालं.

मग ते डायनासोर संपले. मेक्सिकोत आदळलेली प्रचंड उल्का हे मुख्य कारण मानतात. आपल्या लाव्हाचा वाटा किती, यावर अजून वाद आहे. तरीही जीवसृष्टी टिकली. मग एका टेकडीचं काय एवढं?

या युक्तिवादातून दोन गोष्टी निसटतात. पहिली म्हणजे, ‘जीवसृष्टी टिकली’ हा सरासरीचा हिशोब आहे. आम्ही सॉफ्टवेअरवाले हे रोज पाहतो: डॅशबोर्डवर सगळं हिरवं असतं आणि तरी कुणाचं तरी ॲप उघडतच नाही. पिसदुऱ्याच्या त्या प्राण्यांसाठी काहीच टिकलं नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. लाव्हा एका दमात आला नाही. लाखो वर्षं थरावर थर चढत गेले. मधल्या उसंतीत माती तयार झाली, तळी साचली. मुंबईत वरळीच्या टेकडीत अशाच दोन थरांमधल्या गाळात चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म सापडले. रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचं वर्णन केलं. म्हणजे त्या विध्वंसाच्या मधल्या काळातही बेडकांना अंडी घालायला, पिल्लं वाढवायला जागा होती. उलव्याची सुमारे ९० मीटरची टेकडी मात्र विमानतळासाठी काही वर्षांतच सपाट झाली.

मी राहतो त्या इमारतीतही याच कातळाची खडी आहे. त्यामुळे ‘काहीच फोडू नका’ असं मी म्हणू शकत नाही. पण लाव्हाला पुढे कोण आहे ते दिसत नव्हतं आणि थांबताही येत नव्हतं. आपल्याला दोन्ही जमतं. म्हणून लाव्हाचं उदाहरण आपल्याला सूट देत नाही. एक टेकडी गेल्यावर पुढच्या टेकडीला सुरुंग लावण्याआधी किती थांबायचं, तिथल्या ओढ्याने कुठून वाहायचं, माणसांनी आणि बेडकांनी कुठे जायचं, हे ठरवायची जबाबदारी आपल्यावर येते.