'आम्ही', 'तुम्ही' आणि 'आपण'

शास्त्रपाठ : इफिसकरांस पत्र १:३-१४; २:११-२२; ३:१४-१९



पवित्र शास्त्राचे भाषांतर करणाऱ्याला मोठ्या शब्दांची धास्ती वाटत नाही, तितकी लहान शब्दांची वाटते. 'नीतिमत्त्व', 'प्रायश्चित्त', 'पुनरुत्थान' हे शब्द आमच्या आधीच्या पिढ्यांनी घडवून, वापरून गुळगुळीत करून ठेवले आहेत. परंतु 'आम्ही' लिहावे की 'आपण', हा प्रश्न पानोपानी नव्याने उभा राहतो. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत या दोहोंसाठी एकच शब्द आहे. हिंदी आणि इंग्रजी भाषांतरकारांचीही त्यामुळे सुटका होते. मराठी मात्र सुटू देत नाही. बोलणारा ऐकणाऱ्याला आपल्यात धरतो की बाहेर ठेवतो, हे आपल्या भाषेत सांगावेच लागते. गुजराती, तेलुगू, तमिळ व मल्याळम भाषकांचीही हीच गत आहे. दारी आलेल्या पाहुण्याला "आम्ही जेवायला बसतो" असे म्हटले, तर तो चपला शोधू लागेल. "आपण जेवायला बसू या" म्हटले, तर हात धुवायला जाईल. फरक एका शब्दाचा आहे, पण त्यावर पाहुण्याचे जेवण अवलंबून आहे.

योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीचेच पाहा. विहिरीपाशी ती प्रभूला विचारते की, ही विहीर देणाऱ्या याकोबापेक्षा तू मोठा आहेस काय? याकोबाला ती पूर्वज म्हणते. पण कोणाचा पूर्वज? 'आमचा' म्हटले, तर ती समोरच्या यहूदी मनुष्याला अंतरावर ठेवते. 'आपला' म्हटले, तर शेकडो वर्षांचे वैर विसरून तिने रक्ताचे नाते कबूल केले असे होते. मी 'आमचा' लिहितो. संभाषणाच्या त्या टप्प्यावर तिचे मन अजून उघडलेले नाही, असे मला वाटते. तथापि प्रत्येक वेळी लेखणी थोडी थांबते.

ही व्याकरणाची चर्चा तुमच्यापुढे मांडण्याचे कारण असे की, ख्रिस्ती मंडळीचे सभासद असण्याने कोणते आध्यात्मिक आशीर्वाद लाभतात, या प्रश्नाचे उत्तर मला याच लहान शब्दात सापडले. आणि ते फार उशिरा सापडले.

आशीर्वादांविषयी बोलताना आपण सहसा इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायाकडे वळतो. तिसऱ्या वचनापासून चौदाव्या वचनापर्यंतचा मजकूर मूळ ग्रीकमध्ये एकच अखंड वाक्य आहे, सुमारे दोनशे शब्दांचे. पौलाला मध्ये श्वास घ्यायलाही सवड नसावी! जगाच्या स्थापनेपूर्वीची निवड, दत्तकपण, रक्ताने मिळालेली मुक्ती, अपराधांची क्षमा, देवाच्या संकल्पाचे रहस्य, वतन, आणि पवित्र आत्म्याचा शिक्का, असे एकामागून एक दान तो मोजून दाखवतो. आपण हा उतारा बहुधा बँकेच्या पासबुकासारखा वाचतो : माझी निवड, माझी क्षमा, माझे वतन. ते खोटे नाही. उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो. परंतु या सबंध वाक्यात पौलाने 'मी' हा शब्द एकदाही आपल्या लाभासाठी वापरलेला नाही.

आता बारावे वचन पाहा. येथे पौल म्हणतो की, ख्रिस्तावर ज्यांनी आधी आशा ठेवली ते 'आम्ही'. येथे 'आपण' लिहिता येत नाही, कारण तो यहूद्यांतून विश्वासात आलेल्यांविषयी बोलत आहे. (काही भाष्यकारांचे मत निराळे आहे, मला ते पटत नाही.) लगेच तेराव्या वचनात तो परराष्ट्रीयांकडे वळतो : 'तुम्हीही'. आणि चौदाव्यात पवित्र आत्मा हा वतनाचा विसार आहे असे सांगताना, कोणाचे वतन? तेथे 'आमचे' लिहिले तर सारे सुवार्तेचे कार्यच उलटे होईल. तेथे 'आपले' लिहावे लागते. तीन वचनांत 'आम्ही' आणि 'तुम्ही' मिळून 'आपण' झाले. मंडळी म्हणजे हेच, याहून अधिक काही नाही आणि कमीही नाही.

'आम्ही'चा 'आपण' होण्यासाठी काय किंमत पडली, ते दुसऱ्या अध्यायात आहे. ख्रिस्ताने मधली आडभिंत पाडली असे पौल लिहितो. यरुशलेमेच्या मंदिरात अशी भिंत खरोखरच होती. १८७१ साली तिच्यावरील एक शिलालेख सापडला. तो आज इस्तंबूलच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. ग्रीक अक्षरांत कोरलेल्या त्या मजकुराचा आशय असा की, कोणाही परक्याने या कठड्याच्या आत पाऊल टाकू नये. आत सापडेल त्याच्या मरणाची जबाबदारी त्याची त्याच्यावर. आणि पौलाला अटक कशामुळे झाली, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या एकविसाव्या अध्यायात वाचा. त्याने त्रफिम नावाच्या माणसाला या भिंतीच्या आत नेले, असा लोकांचा समज झाला होता. तो त्रफिम इफिसचाच राहणारा होता. ज्या माणसाला त्या भिंतीपायी साखळदंड पडले, तो भिंत पडली आहे असे लिहितो, तेव्हा ती दगडाची भिंत यरुशलेमेत अजून उभी असावी. त्याने भिंतीकडे पाहून लिहिले नाही, वधस्तंभाकडे पाहून लिहिले.

आपल्या मराठी मंडळीला वेगळी आडभिंत ठाऊक आहे. ती पाण्याच्या माठापाशी आणि चुलीपाशी होती. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला. लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधल्या काळात पतीजवळ राहायला आल्यावरही त्यांनी आपले सोवळे, आपले अन्नपाणी कसे वेगळे ठेवले आणि ते ओझे हळूहळू कसे गळून पडले, हे त्यांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये काहीही न लपवता सांगितले आहे. माझ्या मते त्या पुस्तकातील ही पाने दहा प्रवचनांच्या तोडीची आहेत. पाण्याचा एक पेला दुसऱ्याच्या हातून घेण्यास जो वेळ लागला, तो वेळ म्हणजे 'आम्ही'पासून 'आपण'पर्यंतचे अंतर. ते सर्वांनी पार केले आहे असे मी म्हणणार नाही. सोयरीक जुळवताना पूर्वीची जात आमच्याकडे विचारत नाहीत, असे छातीवर हात ठेवून आज किती ख्रिस्ती कुटुंबे सांगू शकतील?

आता माझ्याविषयी थोडे सांगणे भाग आहे.

भाषांतराचा मसुदा छापण्यापूर्वी तो खेड्यापाड्यांतील मंडळीत वाचून दाखवण्याची आमची रीत आहे. वाचून झाले की कागद मिटायचा आणि ऐकणाऱ्यांनी काय ऐकले, ते त्यांच्याच तोंडून ऐकायचे. काही वर्षांपूर्वी अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील एका खेड्यात आम्ही इफिसकरांस पत्राचा पहिला अध्याय वाचला. 'विसार' हा शब्द सर्वांना चटकन कळला, कारण बैलबाजारात इसार दिल्यावाचून सौदा पक्का होत नाही. 'वतन' शब्दावर मात्र कुजबूज झाली. आम्हा शिकलेल्यांना वतन म्हटले की पाटील-देशमुखांच्या जमिनी आठवतात. तेथे बसलेल्यांच्या आजोबांना गावकीचे राबणे हेच वतन म्हणून मिळाले होते. अशी कनिष्ठ वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. देवाने असे वतन कशाला द्यावे, असे एका तरुणाने विचारले. आम्ही समासात 'वारसा' असे लिहून ठेवले.

दिवसभर खुरपणी करून आलेल्या एक वृद्ध बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ह्ये 'आपल्याला' आशीर्वाद दिला म्हंता, त्ये कोनाकोनाला?"

मी म्हणालो, "सगळ्यांना, मावशी. तुम्हीसुद्धा त्यात आहात. म्हणूनच 'आम्हाला' न लिहिता 'आपल्याला' लिहिलं."

"आमी हायच की," त्या म्हणाल्या. "तुमी हाय का आमच्यासंगं, ह्ये इचारते."

लोक हसले. मीही हसलो. परंतु त्या वेळी मी माझ्या स्वतःच्या मंडळीत पाऊल टाकून दीड वर्ष झाले होते. पंचमंडळाच्या एका निवडणुकीवरून वाद झाला, कडू शब्द बोलले गेले, त्यांतले काही माझे होते. मी घरी बसलो. मूळ भाषांतील शास्त्र माझ्या टेबलावर उघडे असे, मी रोज प्रार्थना करीत असे. मंडळीवाचून माझे काय अडले, असे मी स्वतःला समजावत होतो. दररोज आठ तास 'आपण' हा शब्द लिहिणारा माणूस स्वतः कोणत्याच 'आपण'मध्ये नव्हता. ते त्या बाईंना कोणी सांगितले नव्हते.

त्या रात्री मी तिसरा अध्याय पुन्हा वाचला. पौल तेथे गुडघे टेकून मागतो की, ख्रिस्ताच्या प्रीतीची रुंदी, लांबी, उंची आणि खोली किती, हे तुम्हाला उमगावे. आणि 'सर्व पवित्र जनांसह' उमगावे. हे दोन-तीन शब्द मी कितीतरी वेळा भाषांतरित केले होते. ते मला शोभेचे वाटत. त्या रात्री कळले की ते अट आहेत. एकट्याच्या खोलीतून ती प्रीती दिसते, पण एकाच बाजूने दिसते. क्षमेचा सिद्धान्त मला एकट्याला कळतो. क्षमा मात्र ज्याच्याशी भांडलो त्याच्या शेजारच्या बाकावर बसल्याशिवाय कळत नाही. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात चौघांनी उचलून आणलेल्या पक्षाघाती मनुष्याच्या बाबतीत प्रभूने 'त्यांचा' विश्वास पाहिला असे लिहिले आहे. माझा विश्वास खाटेवर पडलेला असतो तेव्हा खाटेचे चार कोपरे धरणारे कोणी असणे, हा आध्यात्मिक आशीर्वाद नव्हे तर काय? घरात मृत्यू झाल्यावर तुमच्याने प्रार्थनेचा एक शब्द निघत नाही; तेव्हा अंगणात सतरंजीवर बसून जे गीत गातात, ते तुमच्या वतीने गातात. बालकाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी मंडळी उभी राहून वचन देते. ते वचन त्या लेकराला आठवत नाही, तरी त्याच्याभोवती उभे राहते.

काहींची नावे मंडळीच्या नोंदवहीत केवळ विवाहाच्या दाखल्यासाठी आणि स्मशानभूमीतील जागेसाठी असतात. देव त्यांनाही आशीर्वाद देवो. जागा त्यांना मिळेलच. मी त्यांच्याशी बोलत नाही. मी बोलतो ते तुमच्याशी, जे दुखावून घरी बसला आहात. तुमची तक्रार खरी असू शकेल. मंडळीतील अन्यायाला शांतपणे अन्याय म्हणण्याचे काम मंडळीत राहूनही करता येते, हे पौलाकडे पाहून शिकावे. करिंथ येथे प्रभुभोजनाच्या वेळी एक भुकेला राही आणि दुसरा मस्त होई. पौलाने त्यांना कठोर शब्दांत झाडले, पण त्यांना मंडळी म्हणणे सोडले नाही, आणि भाकर एक आहे म्हणून आपण पुष्कळ असून एक शरीर आहोत, हे त्याच पत्रात लिहिले.

२०२० साली करोनाच्या साथीत मंदिरांची दारे बंद झाली, तेव्हा मोबाइलवरील उपासनेने पुष्कळांना तारले. जे अंथरुणाला खिळले आहेत त्यांना ती आजही आधार देते, आणि मंडळीने त्यांच्या घरी जावे हे वेगळेच. परंतु जे धडधाकट असून परतले नाहीत, त्यांना मी एवढेच विचारीन की, भाकरीचे ताट तुमच्या हाती कोण देते, आणि तुम्ही ते पुढे कोणाच्या हाती देता?

इंदूर, बडोदे, हैदराबाद, दिल्ली येथे राहणाऱ्या वाचकांची अडचण निराळी आहे. जवळपास मराठी उपासना नसते, परभाषेच्या मंडळीत माणूस वर्षानुवर्षे पाहुण्यासारखा बसतो. इफिसकरांस पत्राच्या काही अतिप्राचीन हस्तलिखितांत 'इफिसात' हे शब्दच नाहीत; ते पत्र गावोगावच्या मंडळ्यांतून फिरवले गेले असावे, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. त्या वचनात गावाचे नाव नसेल, तर तेथे तुमच्या गावाचे नाव वाचा. पाहुण्यांनी नव्हे, घरच्यांनी बसावे तसे बसा. दुसऱ्या अध्यायाच्या एकोणिसाव्या वचनात हाच फरक सांगितला आहे. आणि खोलीचे दार लावून एकान्तात प्रार्थना करा असे शिकवल्यानंतर तीनच वचनांनी प्रभूने जी प्रार्थना दिली, तिची सुरुवात 'माझ्या' पित्याने होत नाही, हेही ध्यानात घ्या. बंद दारामागेसुद्धा आपल्याला एकटे राहू दिलेले नाही.

पुढच्या रविवारी मी गेलो. शेवटच्या बाकावर बसलो. उपासनासंगीताचे पुस्तक न्यायचे राहून गेले होते. ज्यांच्याशी माझा वाद झाला ते गृहस्थ माझ्या पुढच्याच बाकावर होते. गीताचा क्रमांक सांगितल्यावर त्यांनी पान काढले, मागे वळले आणि काही न बोलता आपले पुस्तक माझ्या हाती दिले. त्या वादाचा निकाल अजून लागलेला नाही. पंचमंडळाच्या पुढच्या बैठकीतही आमची मते एकमेकांविरुद्ध पडतील असे दिसते. ते गीत त्यांना पाठ असावे. पुस्तकावाचून ते शेवटच्या कडव्यापर्यंत न अडखळता गात होते.