पहिल्या चहासोबतची

सकाळी सहाला टपरी उघडते. खांबाला बांधलेल्या काथ्याच्या दोरीचं टोक धुमसू लागतं. चहाचा ग्लास एका हातात आला की दुसरा हात आपोआप त्या दोरीकडे जातो. “एक सिगारेट ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही.”

हे खोटं नाही. निकोटिन आतड्यांना खरोखर चाळवतं. म्हणूनच ही सबब इतकी चिवट. सोडल्यावर काही दिवस पोट जड राहतं, हेही सांगायला हवं. त्यावर कोमट पाणी, सकाळची एक चक्कर, ताटात पालेभाजी आणि दोन-तीन आठवड्यांचा धीर एवढाच इलाज. आतडी आपलं काम विसरलेली नसतात.

‘टेन्शन जातं’ याचंही तसंच. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्मं होतं. रात्रभराच्या झोपेत ते जवळजवळ उतरून जातं. उठल्या उठल्या होणारी तगमग, चिडचिड ही त्या उतरलेल्या निकोटिनची. पहिल्या झुरक्यानंतर काही सेकंदांत ते मेंदूत पोचतं आणि बरं वाटतं. शेजारी नुसता चहा पिणाऱ्या माणसाला ही तगमग झालेलीच नसते. घरचे हप्ते, साहेबाची बोलणी दोघांनाही सारखीच.

“आमचे आजोबा नव्वदीपर्यंत बिडी ओढत होते.” असतील. पन्नाशीत गेलेल्या आजोबांचं उदाहरण टपरीवर कुणी देत नाही.

पण मला सर्वांत जास्त लागतं ते साठीच्या माणसाचं वाक्य : “आता या वयात सोडून काय मिळणार?” त्यात स्वतःबद्दलची निराशा असते. अशा माणसांना संशोधक रिचर्ड डॉल यांचं काम सांगावंसं वाटतं. १९५१ पासून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या ३४ हजारांहून अधिक पुरुष डॉक्टरांची पन्नास वर्षं नोंद ठेवली. तिशीत सोडणाऱ्यांना सरासरी दहा वर्षं परत मिळाली, चाळिशीत नऊ, पन्नाशीत सहा. आणि साठीत सोडणाऱ्यांनाही तीन. तीन वर्षं! नातवाला बालवाडीपासून दुसरीपर्यंत बोट धरून नेण्याइतकी. डॉल स्वतःही ओढायचे. फुफ्फुसाच्या कर्करोगावरच्या आपल्याच अभ्यासाचे आकडे पाहून त्यांनी सोडली. २००५ साली ते गेले, तेव्हा त्यांचं वय ९२ होतं.

दिवाळीनंतर, लेकीचं लग्न झाल्यावर, सोडण्याच्या या तारखा पुढे पुढेच सरकतात. आज फक्त सकाळचा चहा घरी घ्या. तलफ उठेल, जोरात उठेल. पण बहुतेक वेळा तीन ते पाच मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ अंगणात, गॅलरीत फिरा, घरच्यांशी बोला. पहिले तीन दिवस सर्वांत अवघड असतात. एकट्यानं निभत नसेल, तर पाकिटावरच छापलेला १८००-११-२३५६ हा मोफत मदतीचा क्रमांक लावा.