हे पाकीट कोणी उघडं टाकलं?

हे ७०१८चं पाकीट काल संध्याकाळपासून खिडकीत उघडं पडलंय, आणि त्यातलाच रॉड तू आत्ता होल्डरला लावलास. वर मला सांगतोस, "सर, ६०१३ सोपा जातो, पण ड्रॉइंगवर ७०१८ लिहिलंय म्हणून हा घेतला." का लिहिलंय, हे विचारावंसं वाटलं नाही?

६०१३चा फ्लक्स रुटाइलचा. टेकवला की पेटतो, स्लॅग सहज निघतो, टाका देखणा दिसतो. गेटाला, पातळ पत्र्याला, साध्या माइल्ड स्टीलला खुशाल वापर. पण ही प्लेट जाड आहे, हाय टेन्साइल आहे. फ्लक्समधल्या ओलाव्यातला हायड्रोजन वितळलेल्या धातूत शिरतो, आणि टाक्याच्या कडेची झपाट्यानं निवून कडक झालेली पट्टी तडकते. लगेच नाही. तू स्लॅग झाडतोस, ब्रश मारतोस, घरी जाऊन झोपतोस, तेव्हा आत ती भेग सरकत असते. म्हणून अशा कामाच्या तपासणीला कित्येकदा ४८ तास थांबतात.

७०१८च्या बेसिक फ्लक्समध्ये हायड्रोजन कमी, पण कोरडा ठेवला तरच! पाकिटावर 'एच-५' छापलंय, म्हणजे १०० ग्रॅम धातूमागे जास्तीत जास्त ५ मिलिलिटर. रात्रभर खिडकीत पडलेल्या रॉडला ते लागू नाही. आणि हे ऐकून सगळेच रॉड सुकवायला भट्टीत कोंबू नकोस. सेल्युलोजचा ६०१० भाजला की बिघडतो, त्याला थोडा ओलावा लागतोच.

तू मेलबर्नमध्ये राहतोस. किंग स्ट्रीटच्या पुलावरून यारा ओलांडतोस. १९६१ साली तो खुला झाला, आणि १० जुलै १९६२ला, भर हिवाळ्यात, ४५ टनांची एक गाडी जात असताना त्याचा एक गाळा खचला. खालच्या भिंतींनी तोलला म्हणून माणसं वाचली. दोष एकट्या रॉडचा नव्हता. पोलाद वेल्डिंगला अवघड होतं, आणि खालच्या फ्लँजवर जोडलेल्या कव्हर प्लेटच्या टोकाच्या आडव्या टाक्यांपाशी गर्डर बनवतानाच बारीक भेगा पडल्या होत्या. त्या कोणी पकडल्या नाहीत. थंडीत पोलाद ठिसूळ झालं आणि गर्डर तिथूनच फाटले. पुढच्या वर्षी रॉयल कमिशननं हे सगळं उकरून काढलं. रोज ज्या पुलावरून जातोस, त्याची एवढी माहिती तुला नको?

तुझ्या हाताला वळण चांगलं आहे, म्हणूनच माझा जीव जळतो. कोणाच्याही डोक्यावर राहणारं काम तू उद्या करशील.

ऊठ. तो टाका ग्राइंडरनं पूर्ण काढ. हे रॉड बाजूला ठेव. पाकिटावर भाजायचं तापमान आणि वेळ लिहिलीय, ती मला वाचून दाखव, मग भट्टी लाव. भाजून झाले की गरम क्विव्हरमधून एकेक काढायचा. तोवर प्लेट किती तापवायची ते प्रोसीजरमध्ये शोध.