लग्नाची ओळ

कोकणकिनाऱ्यावरच्या बुरोंडी गावातल्या एखाद्या जुन्या घरात पणजोबांविषयी विचारलं, तर घरचे भरभरून बोलतात. नाव सांगतात, जमीन दाखवतात, होडी असेल तर तिच्याही गोष्टी निघतात. पणजीचा विषय काढला, की ‘ती हर्णैकडची’ किंवा ‘दाभोळकडची’ एवढ्यावर बोलणं थांबतं. माहेरी तिला काय हाक मारत, तिच्या आईचं नाव काय, लग्न कोणत्या साली झालं, हे सांगणारं आता कोणी उरलेलं नसतं.

घरचे विसरले, एवढंच याचं कारण नाही. ते कधी लिहिलंच गेलं नाही. गावच्या कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना 14 मध्ये, जन्म आणि मृत्यू चढत. लग्न चढत नसे. मुलीचा जन्म बापाच्या नावावर लागे, आणि बारसं व्हायच्या आधीच नोंद झाल्यामुळे तिचं नाव पुष्कळदा नसेच. मृत्यू लागे तो नवऱ्याच्या नावावर, सासरी ठेवलेल्या नव्या नावानं. ही दोन्ही माणसं एकच, हे जुळवायला मधली लग्नाची ओळ लागते आणि नेमकी तीच नाही. कोकणातल्या काही घराण्यांनी कष्टानं कुलवृत्तांत छापले, त्यांत सुनांची माहेरं आली. पण जाळं ओढणाऱ्या आणि भात लावणाऱ्या घरांचे कुलवृत्तांत कोण छापणार?

इंग्लंडमधल्या खेड्यापाड्यांत ही ओळ फार पूर्वीपासून लिहिली गेली. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने 1538 साली हुकूम काढला, की प्रत्येक चर्चने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवावी. 1754 पासून लग्नाच्या नोंदीखाली नवरा, नवरी आणि दोन साक्षीदार यांच्या सह्या घेणं सक्तीचं झालं. ज्यांना लिहिता येत नसे ते फुली मारत आणि फुलीशेजारी त्यांचं नाव लिहिलं जाई. शेतमजुराच्या मुलीनं अवघडल्या हातानं मारलेली ती फुली तिच्या आजच्या वंशजांना पाहता येते. तिथंही सगळं न्याय्य होतं असं नाही. 1837 पासून नोंदीत वडिलांची नावं आली. आईचं नाव यायला मात्र 4 मे 2021 हा दिवस उजाडावा लागला.

बुरोंडीजवळच्या दापोलीत इंग्रजांची छावणी होती, म्हणून लोक अजूनही तिला ‘कँप दापोली’ म्हणतात. त्या काळी मुंबई इलाख्यातल्या चर्चमध्ये लागलेल्या लग्नांच्या नोंदींच्या नकला लंडनला जात आणि त्या आज ब्रिटिश लायब्ररीत जपलेल्या आहेत. परक्या मुलुखात चार वर्षं राहून गेलेल्या गोऱ्या शिपायाच्या बायकोचं नाव असं टिकलं. याच किनाऱ्यावर जन्म काढलेल्या, डोक्यावर मासळीची पाटी घेऊन मैलोन्मैल चाललेल्या बाईचं नाव तिच्या स्वतःच्या गावात सापडत नाही. याचं वाईट वाटायलाच हवं.

आपल्यापुरती ही चूक आता सुधारता येते. महाराष्ट्राच्या 1998 च्या कायद्यानुसार गावात लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत होते. वर, वधू आणि तीन साक्षीदार यांच्या सह्या लागतात आणि मुलीचं लग्नाआधीचं नावही लिहिलं जातं. प्रत्येक लग्नाची नोंद झालीच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2006 साली सांगितलं. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्यानं आईचं नावही सक्तीचं केलं. तरीही पासपोर्ट काढायची वेळ येईपर्यंत लग्नाची नोंद करायचं अनेकांच्या मनातही येत नाही. मांडवाला, जेवणावळीला, व्हिडिओला पैसा आणि वेळ दोन्ही मिळतात. ग्रामपंचायतीत अर्धा तास द्यायला कोणी मोकळं नसतं.

लग्नाच्या नोंदीचा कागद केवळ इतिहासासाठी नाही. समुद्रावर गेलेला माणूस परत आला नाही, तर वारसाहक्कासाठी, मदतीसाठी त्याच्या बायकोला आपण त्याची बायको आहोत हे दाखवावं लागतं. ऐन दुःखात तिला साक्षीदार शोधत फिरावं लागू नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.

म्हणून घरात लग्न झालं, की नव्वद दिवसांच्या आत नोंद करा. आणि आजी अजून बोलती असेल, तर आजच तिच्याजवळ बसा. तिचं माहेरचं नाव, तिच्या आईचं नाव आणि लग्नाचं साल विचारून घ्या, आणि घरातल्या एखाद्या वहीत तारीख घालून लिहून ठेवा.