पुट्टीखालची भेग



नव्या घराची खरी परीक्षा पहिल्या पावसाळ्यात होते. रंगाचा वास जातो न जातो तोच स्लॅबला ओल येते, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. कर्ज काढून, दागिने मोडून घर उभे केलेले असते. राग येणारच. पण तो कोणावर?

आपल्या भागातली काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया मुरमापर्यंत नेला नाही तर भिंती तडकतात. शिवाय काँक्रीटला निदान ७ दिवस सतत ओलावा लागतो, आणि इचलकरंजीत पाण्याची ओढाताण नवी नाही. काम ठेकेदाराचे, पाणी मालकाचे, असेच बहुधा ठरते. टँकरचे पैसे वाचवायला दोघांनीही डोळेझाक केली, तर दोष एकट्या गवंड्याचा कसा? त्याची मजुरी अडवून भेग बुजत नाही.

जिथे बिल्डर खरोखर चुकला आहे, तिथे गप्प बसू नये. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदाराकडून बांधून घेतलेल्यांना ग्राहक आयोगाकडे २ वर्षांच्या आत दाद मागता येते. त्यासाठी करार आणि पावत्या मात्र हव्यात. क्षमा करणे म्हणजे गळके छप्पर सोसणे नव्हे.

खरा अवघड प्रश्न पुढे येतो, तेच घर विकायची वेळ आली म्हणजे. पुट्टी आणि रंग आठवड्यात सगळे झाकून टाकतात. "घेणाऱ्याने बघून घ्यावे," असे आपण म्हणतो. पण जे पुट्टीखाली गेले, ते तो बघणार कसे? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानेही, घेणाऱ्याला साध्या तपासणीत न सापडणारा मोठा दोष माहीत असेल तर तो सांगणे विकणाऱ्यावर बंधनकारक केले आहे. यहेज्केल संदेष्ट्याने तर खोट्या संदेष्ट्यांना कच्च्या भिंतीला चुना फासणाऱ्यांचीच उपमा दिली.

ऑगस्ट २०२० मध्ये महाडची तारिक गार्डन ही इमारत कोसळून १६ जण दगावले. तिला १० वर्षेही झाली नव्हती. प्रत्येक भेग जीवघेणी नसते, पण कोणती आहे हे अभियंत्याला दाखवल्याशिवाय कळत नाही. आणि भेग झाकून दिली, तर घेणारा दाखवणार तरी काय?

ताग्यात दोष निघाला तर भाव उतरतो, हे यंत्रमागाच्या या गावाला वेगळे सांगायला नको. घराचेही तसेच करता येते. भेग दाखवावी, दुरुस्तीचा अंदाज काढावा आणि तेवढी रक्कम किमतीतून वजा करावी. ही रक्कम खिशाला लागते. मुलीचे लग्न तोंडावर असेल, तर फारच लागते.