आभासी सृष्टीतील मोहोळ

मधमाश्यांविषयी मनुष्याने आजवर जे लिहिले, त्यातले पुष्कळसे त्याने वास्तविक स्वतःविषयीच लिहिले आहे. ॲरिस्टॉटलच्या काळी मोहोळाचा मुख्य हा राजा मानला गेला आणि ती समजूत युरोपात शतकानुशतके टिकली. चार्ल्स बटलर या इंग्रज धर्मोपदेशकाने १६०९ साली स्वतंत्र ग्रंथ लिहून हा राजा नसून राणी आहे असे ठासून सांगितले, आणि मोहोळातील आवाजांचे स्वरलेखनही करून ठेवले. पुढे १७१४ साली बर्नार्ड मँडेव्हिलने त्याच मोहोळात व्यापारी समाजाचा जमाखर्च पाहिला आणि व्यक्तीच्या दुर्गुणांतून समाजाचा उत्कर्ष होतो, असे वादग्रस्त प्रमेय मांडले. ज्या युगाला जी राज्यव्यवस्था प्रिय, तिच्यावर निसर्गाचे शिक्कामोर्तब करून घेण्यासाठी ते युग मोहोळाच्या दारी गेले. आपल्या युगाची प्रिय व्यवस्था म्हणजे संगणकांचे जाळे. तेव्हा आजच्या कलावंताने मोहोळात जाळे पाहावे आणि प्रेक्षकाच्या हालचालीला प्रतिसाद देणारी प्रकाशाची, ध्वनीची, आभासी चित्रसृष्टीची रचना त्यावरून उभारावी, यात नवल नाही. प्रश्न इतकाच की, या कलेने मोहोळाकडून नेमके काय घेतले आणि काय घ्यायचे राहून गेले.

मधमाशी आभासी सृष्टीच्या कलावंताला जवळची वाटावी याला एक भक्कम कारण आहे. कार्ल फॉन फ्रिश या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने आयुष्यभराच्या निरीक्षणातून, ज्याबद्दल त्याला १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले, असे सिद्ध केले की, मकरंद सापडलेली कामकरी माशी परत येऊन उभ्या पोळ्यावर नृत्य करते. त्या नृत्यात अंग थरथरवत ती जी सरळ धाव घेते, तिचा उभ्या रेषेशी होणारा कोन म्हणजे सूर्याच्या दिशेशी फुलोऱ्याने केलेला कोन, आणि त्या धावेचा काळ म्हणजे अंतर, एका किलोमीटरला स्थूलमानाने एक सेकंद. हे सारे घडते ते मोहोळाच्या अंधारात. भोवतालच्या माश्या ते नृत्य डोळ्यांनी पाहत नाहीत. नर्तकीच्या अंगाला मिशा लावून, तिच्या पंखांनी हललेली हवा टिपून त्या ते वाचतात. जे रान समोर नाही ते अंधारात, आडव्याचे उभे करून, अंगविक्षेपाच्या परिमाणात उतरवणे आणि दुसरीने ते स्पर्शाने वाचून त्या रानाकडे अचूक झेपावणे, याहून निराळे असे आभासी सृष्टीचे प्रयोजन तरी कोणते?

परंतु या नृत्याचे खरे मर्म अन्नशोधापेक्षा घरशोधात अधिक उघड होते. वसंतात वसाहत वाढली म्हणजे जुनी राणी सुमारे दहा हजार माश्या घेऊन बाहेर पडते आणि तो घड एखाद्या फांदीवर लटकून राहतो. १९४९ साली फॉन फ्रिशचा शिष्य मार्टिन लिंडाउअर याला अशा एका घडावर नाचणाऱ्या काही माश्या काजळीने काळ्या, काही विटेच्या भुकटीने लाल, काही पिठाने पांढऱ्या झालेल्या दिसल्या. फुलांवरून आलेल्या माशीच्या अंगावर हे रंग असण्याचे कारण नव्हते. त्यावरून त्याने ताडले की, या धुराड्यांतून आणि भिंतींच्या भगदाडांतून नव्या घराची पाहणी करून आलेल्या जासूद माश्या आहेत आणि आपापल्या जागेची शिफारस त्या नृत्याने करीत आहेत. पुढे अमेरिकेतील टॉमस सीली याने हा मामला अनेक वर्षांच्या प्रयोगांनी तपासून २०१० साली ग्रंथरूपाने मांडला. घडातील काही शेकडा माश्या जासूद होतात. सगळ्या मिळून त्या बारा-वीस जागा पाहतात. उत्तम जागा पाहून आलेली माशी शंभरच्या आसपास फेरे नाचते, सामान्य जागा पाहून आलेली त्याहून पुष्कळ कमी. राणी या कारभारात कोठेही नाही. तिचे फर्मान सुटत नाही, तिच्याकडे खलिता जात नाही.

या पद्धतीचे दोन नियम मला विशेष विचारणीय वाटतात. पहिला असा की, नृत्य पाहून प्रभावित झालेली माशी तेवढ्यावरून स्वतः नाचू लागत नाही. ती उडून त्या जागेवर जाते, आत शिरते, भिंतींवरून चालून पोकळीचा अदमास घेते, आणि परत आल्यावर स्वतःच्या पाहणीप्रमाणे कमी किंवा अधिक नाचते. ऐकीव शिफारशीला तिथे दाखल करून घेण्याची वहिवाट नाही. दुसरा नियम त्याहून विलक्षण आहे. तीच माशी तीच उत्तम जागा पुन्हा पाहून येते तेव्हा तिचे नृत्य आधीपेक्षा सुमारे पंधरा फेऱ्यांनी आखूड होते, पुढच्या खेपेस आणखी आखूड, आणि अखेर ती गप्प बसते. कोणी तिला खोडून काढले म्हणून नव्हे. उत्साहाला आपोआप ओहोटी लागते, इतकेच. त्यामुळे वाईट जागेचा पुरस्कार लवकर विझतो, चांगल्या जागेचा नव्या नव्या तपासनिसांच्या बळावर टिकतो, आणि एखाद्या जागी एकाच वेळी वीस-तीस जासूद जमले म्हणजे निर्णय झाला असे समजून घड उड्डाणाची तयारी करतो.

आता कलेकडे वळू. या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध कृती म्हणजे वुल्फगँग बट्रेस या इंग्रज शिल्पकाराचे ‘द हाइव्ह’. २०१५ च्या मिलान येथील जागतिक प्रदर्शनात ते ब्रिटनचे दालन होते आणि २०१६ पासून ते लंडनच्या क्यू उद्यानात, रानफुलांच्या कुरणावर उभे आहे: सतरा मीटर उंच, ॲल्युमिनियमच्या सुमारे १ लाख ७० हजार भागांची जाळी आणि तिच्यात हजारभर दिवे. खऱ्या मधपेटीत बसवलेली कंपमापक उपकरणे आतल्या हालचालीची वार्ता त्या क्षणी या जाळीपर्यंत पोचवतात, आणि पेटीतील लगबग वाढली की दिवे उजळतात, नाद चढतो. मधमाश्यांची कंपने मोजण्याचे मार्टिन बेन्सिक या पदार्थवैज्ञानिकाचे संशोधन या रचनेच्या मुळाशी आहे. खालच्या बाजूला खांबांत खाचा आहेत. प्रेक्षकाने लाकडाची एक काडी खाचेत बसवायची आणि तिचे दुसरे टोक दातांत धरायचे, म्हणजे कानाला ऐकू न येणारे मधमाश्यांचे संदेश कवटीच्या हाडांतून आत उतरतात. मोहोळाचा स्पर्शधर्म याहून प्रामाणिकपणे मनुष्यापर्यंत क्वचितच कोणी पोचवला असेल. तथापि या रचनेत प्रेक्षकाचा दर्जा अखेर श्रोत्याचाच राहतो. माश्या बोलतात, तो ऐकतो. त्याच्या असण्या-नसण्याने मोहोळाच्या कारभारात काडीचा फरक पडत नाही.

दुसरी कृती अलेक्झांड्रा डेझी गिन्सबर्ग हिची ‘पॉलिनेटर पाथमेकर’. इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यातील ईडन प्रोजेक्ट या संस्थेने ती करवून घेतली. २०२१ साली तिथे पंचावन्न मीटर लांबीची पहिली बाग लावण्यात आली, पुढे लंडन आणि बर्लिन येथेही बागा झाल्या. येथे संगणकाला दिलेला हुकूम असा की, मनुष्याला सुंदर दिसेल ती बाग आखू नकोस, जास्तीत जास्त जातींच्या परागवाहक कीटकांच्या उपयोगी पडेल ती आख. कोणाही नागरिकाला आपल्या जमिनीचा आकार, मातीचा प्रकार, उन्हाचे मान कळवून अशी बाग पडद्यावर उभी करता येते, तिच्यातून हिंडता येते, ऋतू बदलून पाहता येतात, आणि मग दृष्टीच बदलून, कीटकांच्या डोळ्यांना ती कशी भासत असेल याचे अनुमानचित्रही पाहता येते. मधमाशीला तांबडा रंग दिसत नाही आणि आपल्याला न दिसणारा जंबुपार प्रकाश दिसतो. त्यामुळे आपल्या लेखी भडक असलेला ताटवा तिच्या लेखी फिका ठरतो आणि आपण तणात काढलेल्या फुलावर तिच्यासाठी ठळक खुणा असतात. या कृतीत प्रेक्षकाचा दर्जा श्रोत्याहून वर चढतो. तो माळी होतो, म्हणजे दुसऱ्या जिवाच्या रुचीचा सेवक होतो, आणि पडद्यावरील बाग मातीत उतरली म्हणजेच कृती पूर्ण होते. आभासी सृष्टीने स्वतःपलीकडे बोट दाखवावे हा नृत्याचा पहिला गुण येथे निःसंशय आला आहे.

तरीही दोन्ही कृतींत मोहोळाची ती विचारपद्धती, तपासून बोलणे आणि बोलून विरणे, अजून यायची आहे. एखाद्या कलावंताने अशी आभासी सृष्टी निर्मावी की, तीत शेकडो जण एकाच वेळी शिरतील, पण प्रत्येकाला भोवतालचा अल्पसा भागच दिसेल. जे सापडले ते त्याने शब्दाविना, केवळ हालचालीने इतरांना सांगावे. जिथे स्वतः गेलो नाही त्या स्थळाची शिफारस करण्याची सोयच तीत नसावी. आणि कोणाचीही शिफारस, ती कितीही गाजलेली असो, खेपेगणिक क्षीण होऊन मावळावी. कौल किती पडले याचा आकडा कोठेही झळकू नये. आपण रोज ज्या आभासी सृष्टीत वावरतो तिची घटना याच्या नेमकी उलट आहे: तिथे न पाहिलेल्याची शिफारस क्षणात करता येते, उत्साहाला ओहोटी नाही, आणि वाढलेला आकडाच पुढच्या वाढीचा दाखला म्हणून पुढे केला जातो.

यावर कोणी म्हणेल की, आभासी सृष्टी ही मुळात फसवणूक. तिथे तपासणीला अर्थ तो काय? याचे उत्तर माश्यांवरच झालेल्या एका प्रयोगात सापडते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकून ऑस्ट्रेलियात काम केलेले मंड्यम श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी यांनी माश्यांना भिंतींवर चित्राकृती असलेल्या, जेमतेम सहा मीटर लांबीच्या अरुंद बोगद्यातून खाद्याकडे नेले. माशी अंतर मोजते ते डोळ्यांपुढून सरकणाऱ्या दृश्यावरून. भिंती जवळ असल्यामुळे दृश्य झरझर सरकले, आणि परतलेल्या माश्यांनी दोनशे मीटरच्या आसपासचे अंतर नाचून दाखवले. हेच खरे पाहता माश्यांसाठी रचलेले आभासी विश्व, आणि त्यात त्या पुरत्या फसल्या. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या पुढच्या प्रयोगात असेही दिसले की, अशा नृत्यावर विसंबून निघालेल्या माश्या सांगितलेल्या दूरच्या अंतरावरच शोध घेतात. पण ज्या माशीला तिथे खाद्य मिळत नाही, ती परत येऊन नाचत नाही. फसलेल्या माशीची प्रामाणिक चूक दुसरीपर्यंत पोचते, तिसरीपर्यंत जात नाही. भ्रम टाळता न येणाऱ्या सृष्टीत भ्रमाचे आयुष्य आखूड ठेवणे हाती असते, आणि ते काम तपासणीचा नियम करतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मोहोळाचा दाखला देऊन व्यक्तीला समूहात विरघळवण्याचे तत्त्वज्ञान पूर्वी अनेकांनी सांगितले, आणि माश्या तर एका राणीच्या लेकी. त्यांचे हित एकच असते, माणसांचे नसते. हे मान्य करूनही मी म्हणेन की, सीलीने वर्णिलेल्या मोहोळात सर्वांत जपली गेलेली गोष्ट जर कोणती असेल तर ती एकेका जासुदाची स्वतंत्र पाहणी. ती काढून घ्या, म्हणजे उरतो तो केवळ गोंगाट. शिवाय कलेतील नियम हा उपदेश नसतो, तो छंदासारखे रूप असतो. वृत्ताच्या बंधनाने कवीला विचार शिकवला जात नाही, पण सैल बोलण्याची मुभा मिळत नाही.

आपल्याकडील कलावंताला यासाठी परदेशाच्या मोहोळावर विसंबण्याचेही कारण नाही. सह्याद्रीत सातेरी, फुलोरी, आग्या अशा निरनिराळ्या स्वभावाच्या माश्या नांदतात. फुलोरी माशी पोळ्याच्या वरच्या सपाटीवर, उघड्या आभाळाखाली नाचते आणि थेट खाद्याच्या दिशेलाच तोंड करते. उभ्या पोळ्यावरचे कोनाचे रूपांतर तिला करावे लागत नाही. कड्याला लटकलेल्या आग्या मोहोळाजवळ गांधीलमाशी आली, की हजारो माश्या क्रमाने पोट उचलतात आणि सबंध पृष्ठावरून लाट सरकत जाते. लिंडाउअर १९५० च्या दशकात या आशियाई माश्या अभ्यासण्यासाठी मुद्दाम सिलोनला आला होता. आपल्या तरुण चित्रकारांना आणि संगणकतज्ज्ञांना तर महाबळेश्वरच्या मधपाळांपर्यंत आणि पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन संस्थेपर्यंतच जावे लागेल.

षट्कोनी जाळी, सोनेरी प्रकाश आणि गुंजारव एवढ्यावर समाधान मानणारी कला मोहोळाची प्रतिमा वापरते आणि तिचे वैभव तिथेच संपते. मोहोळापासून प्रेरणा घेतल्याचा दावा करणाऱ्या कोणत्याही आभासी कृतीची पारख मी यापुढे दोन प्रश्नांनी करीन: येथे मला स्वतः न पाहिलेले पुढे सांगता येते काय, आणि येथे माझा आवाज वेळीच मावळतो काय? पहिल्याचे उत्तर नकारार्थी आणि दुसऱ्याचे होकारार्थी आले, तर तिच्यात एकही माशी चितारलेली नसली तरी ती कृती मोहोळाची म्हणावी.